दिनूच्या गिटारी

घरात सामान वाढलं की जागा कमी होते. आमच्या दिनूच्या घरात सामान वाढलं आणि कॉलनीत किस्से वाढले. त्यातला एक सांगायला घ्यावा तर दुसरा मध्ये घुसतो, म्हणून आज ओळीनं सांगतो. मध्ये बोलू नका.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. इंदापूर तालुक्यात आमचा साखर कारखाना. दिनू तिथं ड्रॉइंग ऑफिसला, मी स्टोअरला. क्वार्टर्स भिंतीला भिंत लागून. एके दिवशी क्लबातल्या रेडिओवर दिनूनं हवाईयन गिटार ऐकली. ही गिटार मांडीवर आडवी घ्यायची आणि तारांवरून लोखंडी कांडी सरकवत वाजवायची. बाकीचे आम्ही बातम्या कधी लागतात याची वाट बघत होतो. दिनूचा चहा मात्र कपात गार झाला. तिथंच बिघडलं सगळं!

* * *

पहिली गिटार त्यानं पुण्यातून जुनी घेतली आणि घोंगडीत गुंडाळून एस.टी.नं आणली.

कंडक्टरनं घोंगडीकडं बोट दाखवलं. "आत काय हाय?"

"गिटार."

कंडक्टरनं हा शब्द जन्मात ऐकलेला नव्हता. "जित्तं हाय का?"

"नाही हो!"

तेवढ्यात गाडी खड्ड्यात आदळली आणि घोंगडीतून 'झुंईंई' झालं. पुढच्या बाकावरची म्हातारी पाय वर घेऊन बसली.

कंडक्टरनं शांतपणे विचार केला आणि निकाल दिला, "बारामतीपातूर गप बसलं तर लगेज. वरडलं तर जनावराचं तिकीट!"

दिनू सगळ्या रस्त्यानं तारा दाबून बसला होता. पाणी प्यायलासुद्धा उतरला नाही.

* * *

गिटार आली, पण बरोबरची कांडी खडबडीत निघाली. आमच्या पलीकडच्या क्वार्टरमध्ये बाबूराव टर्नर राहायचे. तोंडानं फटकळ, हातानं देवमाणूस. त्यांनी भंगारातल्या शाफ्टचा तुकडा लेथवर चढवला आणि आरशासारखी चकचकीत कांडी काढून दिली.

दिनू ती खिशात घालून गेटवर आला. जमादारानं झडती घेतली.

"हे कारखान्याचं लोखंड हाय."

"साहेबांना विचारलंय. हे वाद्याचं आहे."

"वाद्याचं? वाजवून दावा."

दिनू घरी पळाला, गिटार घेऊन आला आणि गेटवरच्या स्टुलावर बसून वाजवायला लागला. पाळी सुटायची वेळ. शे-दीडशे माणूस सायकली धरून उभं.

जमादारानं थोडा वेळ ऐकलं आणि हात वर केला. "जाऊ द्या ह्यास्नी. चोरीचा माल आसता तर मानसानं येवढा कालवा केला नसता!"

* * *

एका गिटारीवर थांबेल तो दिनू कसला! दुसरी आपण स्वतः बनवून घ्यायची ठरली. कॉलनीजवळच्या गावात हरीआबा सुतार होते. पंचक्रोशीत बैलगाडी करावी ती आबांनीच. दिनूनं त्यांना मापासकट मोठं ड्रॉइंग नेऊन दिलं. आबांनी कागद चारी बाजूंनी फिरवून बघितला.

"चाकं कुठं दावल्यात?"

चाकं नाहीत म्हटल्यावर आबांचा उत्साह जरा कमी झाला. पण महिन्याभरात माल तयार! दिनू आणि मी आणायला गेलो. दोघांनी मिळून उचलली तेव्हा हलली. आबांनी साग नाकारून बाभूळ वापरली होती.

दिनूनं तिथंच तारा चढवल्या आणि छेडल्या. काही नाही. परत छेडल्या. पाटावर टिचकी मारल्यासारखं 'टक्' झालं.

"आबा, हिच्यातनं आवाजच येत नाही!"

आबांनी छाती पुढं काढली. "यील कसा? समदं सांधं ठोकून बसवल्यात. म्हातारा व्हशील तवर कुरकुरली तर सुताराचं नाव सांगनार न्हाय!"

दिनूनं त्यांना वाकून नमस्कार केला आणि गिटार घरी आणली. मला फार आवडलं ते. मी असतो तर भांडलो असतो.

* * *

मग मेंडोलिन आलं. मग बारामतीच्या एका मंडपवाल्याकडून जुना अँप्लिफायर आणि कर्णा आला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दुपारी कॉलनीच्या मैदानात दिनूचा कार्यक्रम ठरला. कर्णा लिंबाच्या झाडावर बांधला, तोंड कारखान्याकडं.

दिनूनं डोळे मिटले, कांडी खालच्या सुरावर ठेवली आणि सावकाश थेट वरपर्यंत ओढत नेली.

कारखान्याचं गेट उघडलं. पहिली पाळी हात पुसत, डबे घेऊन बाहेर! भोंगा व्हायला अजून अर्धा तास होता.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली, 'भोंगा वाजवण्याचा अधिकार फक्त बॉयलर खात्यास आहे.'

दिनूनं ती दोनदा वाचली आणि मला विचारलं, "म्हणजे आवाज थेट मिल हाउसपर्यंत गेला ना रे?"

* * *

हे सगळं ठीक. पण दिनूचं लग्न जमेना. मुलीकडचे यायचे, भिंतीवरच्या गिटारी बघायचे आणि चहा अर्धा ठेवून उठायचे. गावाकडं निरोप जायचा, 'पोराला नाद हाय.' नाद म्हटलं की लोक थेट तमाशाच्या फडापर्यंत जाऊन येतात! दिनूच्या आईनं रडून रडून डोळे सुजवून घेतले.

अशात बारामतीजवळचं एक स्थळ आलं. कॅनॉलवरचे बागाईतदार, वांगी-टोमॅटो पुण्याला पाठवणारे. दिनू मुलगी बघून आला तो वेगळाच. दोन दिवस गिटारीला हात नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "नाना, हीच पाहिजे. हे मोडलं तर मी परत कुठं बघायला जाणार नाही." एवढं सरळ तो कधी बोलत नसे.

मुलीचे वडील, तात्या, आता घर बघायला येणार होते. आम्ही ठरवलं, गिटारी शेजाऱ्यांत वाटायच्या. पुण्याची बाबूरावांकडं. बाभळीची माझ्याकडं. मेंडोलिन शाळेतल्या मास्तरांकडं. दिनूच्या भिंतीवर देवाचा फोटो तेवढा ठेवला. खिळे जास्त दिसत होते, म्हणून कॅलेंडरंही लावली.

तात्या आले. पांढरं धोतर, हातात काठी. घर बघून खूश झाले. पण आमच्याकडची रीत आम्हीच विसरलो होतो! मुलगी देणारा माणूस नवऱ्या मुलाच्या घरात पाच मिनिटं बसतो आणि शेजाऱ्यांकडं तासभर. खरी चौकशी तिथं होते.

तात्या पहिले माझ्याकडं आले. मी घाबरलो. आमची मंडळी हुशार. तिनं बाभळीच्या गिटारीवर चादर टाकली आणि म्हणाली, "बसा तात्या, बाक नवाच हाय." तात्या बसले. चादर सरकली. तात्यांनी वाकून तारा बघितल्या, माझ्याकडं बघितलं आणि काठी उचलून पुढच्या घराकडं निघाले. आम्ही मागोमाग.

मास्तरांकडं बाळाला बघायला पाळण्यात डोकावले. बाळ आईच्या कडेवर होतं. पाळण्यात मेंडोलिन!

"मास्तर, तुमी बी?"

"हो... थोडंसं..." मास्तर म्हणाले.

बाबूरावांकडं गिटार पलंगाखालून अर्धी बाहेर आलेली. "ही माझीच हाय," बाबूराव छातीठोकपणे म्हणाले.

"मग वाजवा की."

आता आली का पंचाईत! बाबूरावांनी गिटार उलटी मांडीवर घेतली, मग सुलटी केली आणि लोखंडाला कानस लावावी तशी कांडी घासायला सुरुवात केली. दारात दिनू उभा. त्याचा चेहरा बघवत नव्हता. मी त्याच्या पायावर पाय देऊन उभा होतो.

तात्यांनी कानावरचा हात काढला. "बास! पोरगी हितंच द्यायची. समद्या वस्तीला ह्यो रोग लागलाय. येवढं येकच पोरगं त्यातनं सुटलंय. लई घट्ट मनाचं आसनार."

काम झालं होतं! आम्ही सुटकेचा निःश्वास सोडतोय तोवर दिनू पुढं आला. "तात्या, खोटं बोलून मला तुमची मुलगी नको. ह्या सगळ्या गिटारी माझ्या आहेत. एकूण एक. मी रोज वाजवतो आणि पुढंही वाजवणार."

बाबूरावांच्या हातातली कांडी खाली पडली. मी मनात म्हटलं, संपलं, गेली मुलगी.

तात्यांनी काठी टेकली. मग उठले. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. डोळ्यांत पाणी.

"बघितलंसा का, बाबूराव? तुमा शेजाऱ्यांची अब्रू झाकायला ह्यो समदं आपल्या अंगावर घ्याया लागलाय! आवो, नारळ आना कुनीतरी. सुपारी आत्ताच फोडू!"