सुनेच्या चुका मी दुरुस्त केल्या

चहा घ्या आधी, मग हसा. पण हसताना एक ध्यानात ठेवा. मला कोणी काही सांगितलं नव्हतं. घरात वडीलधारा माणूस बसलाय, त्याला दोन शब्द सांगायला काय जातं? पण नाही! आणि मग फजिती झाली की ती माझी!

मी सातवी शिकलो. पण कारखान्यात जन्मभर इन्स्पेक्शनला होतो. माझ्या हाताखालून खराब माल कधी गेटाबाहेर गेला नाही. तिथला माझा एक जाड पिनेचा किस्सा आहे. जेवताना मी तो सुरू केला की आमचा मुलगा महेश ताट उचलून उठतो. सून तेवढी ऐकून घेते.

ही सून, सायली, घरूनच काम करते. विश्रांतवाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाचं टेबल म्हणजे तिचं ऑफिस. एकदा विचारलं, "दिवसभर करतेस काय?"

"बाबा, आम्ही कोड लिहितो ना, तो नीट मांडून देणारा एक प्रोग्राम असतो. फॉरमॅटर. कोडमध्ये चूक असली की तो अडून बसतो आणि तक्रार करतो. पण ती तक्रार एवढी लांबलचक, की वाचणाऱ्याला कळत नाही. माझा प्रोग्राम ती तक्रार वाचतो आणि चूक नेमकी कुठे आहे, तिथे लाल खूण करतो."

"म्हणजे इन्स्पेक्टर."

"अगदी!"

मला बरं वाटलं. घराण्यात धंदा चालू राहिला म्हणायचा.

तर परवाची गोष्ट. चार वाजता तिच्या साहेबांसमोर हे काम दाखवायचं होतं. आवडलं तर नोकरी कायम, नाही तर महिनाअखेर घरी. सकाळपासून पोरीच्या पोटात अन्न नव्हतं. साडेतीनला ती छोटीला, माझ्या नातीला, शाळेतून आणायला निघाली. जाताना माझ्यापुढे मंडईतला मटार ठेवला.

"बाबा, तेवढा सोलाल?"

सोलत बसलो. सहज समोर लॅपटॉपकडे पाहिलं आणि हातातली शेंग हातातच राहिली.

लाल! जिकडे तिकडे लाल! ओळीओळीखाली लाल नागमोडी रेघा आणि खाली तक्रारींची ही रांग!

अरे, अर्ध्या तासात साहेब बघणार आणि ही बाई असा माल टेबलावर टाकून गेली? मी असतो तर गेटाबाहेर काढली असती. पण सून पडली. नोकरी गेली तर नाक कोणाचं कापलं जाणार?

चष्मा चढवला. इंग्रजी मला वाचता येतं म्हणणार नाही. पण आकडे येतात, अक्षरं येतात, आणि 'मिसिंग' हा शब्द इन्स्पेक्शनवाल्याला कोणी शिकवावा? तीन नंबरची ओळ, कंस मिसिंग. एवढं सरळ होतं! तिच्या प्रोग्रामने काम चोख केलं होतं, हे मात्र कबूल.

कंस नऊच्या कळीवर होता. दाबली. नऊ उमटला! लगेच दोन तक्रारी वाढल्या.

"गप रे," मी त्याला म्हणालो.

मग आठवलं. आमच्या ऑफिसातल्या टाइपरायटरवर वरच्या चिन्हासाठी बाजूची कळ दाबून धरत. तसं केलं. आधी उलटा कंस पडला, तो आणि तो नऊ खोडला, मग शेजारच्या कळीवर सुलटा मिळाला. सेव्ह कसं करायचं ते तिचं बघून ठेवलं होतं. केलं. लाल रेघ गेली!

आता काय विचारता! इथे स्वल्पविराम, तिथे अवतरणचिन्ह. एकेक तक्रार वाचली, एकेक चूक काढली. शेवटी पडदा आरशासारखा स्वच्छ. काम झाल्यावर मशीन बंद करायचं, ही आमची शिस्त. ते पानही बंद करून टाकलं आणि मटाराकडे वळलो.

सायली धावतपळत आली ती थेट मीटिंगलाच बसली. मी हॉलमध्ये कान टवकारून. कौतुक ऐकायला नको?

"सायली, इथे तर काहीच दिसत नाहीये," साहेबांचा आवाज आला. "तुझं टूल चालतंय ना?"

"एक मिनिट सर... सकाळी तर... सर, मला दहा मिनिटं द्याल का? प्लीज."

उठून हॉलमध्ये आली. चेहरा पांढरा.

"बाबा, तुम्ही लॅपटॉपला हात लावलात?"

"हात? सगळ्या चुका काढल्या. आभार नंतर मान."

"अहो बाबा! त्या चुका मी मुद्दाम केल्या होत्या!"

"मुद्दाम?" मी उसळलो. "कंपनी पगार देते तो चुका करायला? आमच्या वेळी..."

"आणि फाईलही बंद केलीत? आता केलेले बदल मागे पण घेता येणार नाहीत! सकाळीच बनवली होती, दुसरी प्रतही नाही माझ्याकडे."

"पण चुका हव्यात कशाला?"

ती माझ्याजवळ आली. मग अगदी हळू विचारलं, "बाबा, तुमच्या टेबलावर ती जाड पिन कशाला असायची?"



आता तुम्हाला तो किस्सा सांगणं आलं. मापापेक्षा केसभर जाड अशी एक पिन मी मुद्दाम टेबलावर ठेवायचो. रोज सकाळी गेजला, म्हणजे माप तपासायच्या साधनाला, लावायची. गेजने ती नाकारली की गेज बरोबर, मग दिवसाचं काम सुरू. एकदा नवा डिग्रीवाला साहेब आला, त्याने ती 'खराब' पिन पाहिली आणि उत्साहाने घासून मापात आणून दिली! मी त्याला अख्ख्या कारखान्यासमोर झापलं.

"काय म्हणाला होतात त्या साहेबांना?" सायलीने विचारलं.

"आठवत नाही."

"बाबा, रोज सांगता."

"'साहेब,'" मी भिंतीकडे बघत म्हणालो, "'देवानं तोंड दिलंय ते विचारायला.'"

"हं," ती म्हणाली. 'हं' पुरेसा होता. "चला, बसा इथे. काय काय दुरुस्त केलंत ते सांगा."

सगळं पाठ होतं. ती सवय जात नाही.

"तिसरी ओळ, शेवटचा कंस."

"काढला."

"नववी. स्वल्पविराम."

"काढला. पुढे?"

जन्मभर खराब माल अडवला, आणि म्हातारपणी स्वतः बसून, ओळीचा नंबर सांगून, खराब माल तयार करून घेतला! लाल रेघ उमटली की सून म्हणे, "छान!" आणि मीही मान डोलावत होतो. काय वेळ आली बघा!

साहेबांना काम पसंत पडलं. नोकरी कायम झाली.

रात्री जेवायला बसलो. महेशचं जेवण झालं होतं, तरी आज ताट उचलून उठला नाही. बायकोकडे एकदा बघितलं, हात उगाच टेबलावर फिरवला आणि म्हणाला, "बाबा, तो पिनेचा किस्सा सांगा ना."

जन्मात पहिल्यांदा!

"मटार वाढ," मी म्हणालो.