वाढत्या अंगाची सायकल

आमच्या घरात मापाची वस्तू कधी येत नसे. माझा शाळेचा फ्रॉक गुडघ्याखाली लोंबायचा, दादाच्या बुटांत पुढे वर्तमानपत्राचा बोळा असायचा. दुकानदाराने टेप काढली की बाबा म्हणत, "वाढत्या अंगाचं द्या." मुलुंडच्या आमच्या चाळीत सगळ्यांचीच ही रीत होती, त्यामुळे त्यात कमीपणा वाटत नसे.

दादाची रेसची सायकलही अशीच आली. तो दहावीत होता. भाड्याच्या सायकलीवर त्याने आसपासच्या काही शर्यती मारल्या होत्या, म्हणून बाबा आम्हा दोघांना घेऊन सांताक्रूझला एका म्हाताऱ्या शर्यतपटूकडे गेले. त्याच्याकडे विकायला दोन जुन्या परदेशी सायकली होत्या, एक लहान, एक मोठी. किंमत सारखीच. "पोराला लहानच घ्या," तो म्हणाला. बाबांना वाटलं, हा नको असलेला माल आपल्या गळ्यात मारतोय. त्यांनी मोठी घेतली.

दादा त्यानंतर फारसा वाढला नाही. आमच्याकडे कोणीच उंच नाही. सीट पार खाली दाबली तरी पॅडल खाली गेलं की त्याला टाच उचलावी लागे, आणि कंबर डावी-उजवीकडे हले. चाळीतली पोरं ओरडत, "काय रे, चढायला शिडी आणू का?" तो हसायचा. आणि जिंकायचा. बाबा रोज कामावरून आले की चहाच्या आधी ती सायकल पुसत.

पुढे विक्रोळीच्या एका कंपनीने त्याला टीममध्ये घेतलं. सकाळी सराव, दुपारनंतर पॅकिंग खात्यात काम. टायर आणि बूट कंपनीचे, सायकल ज्याची त्याची. नोकरी टेंपररी होती. कायम करायचं की नाही हे घाटातल्या मोठ्या शर्यतीनंतर ठरणार होतं. तोवर बाबांचा कारखाना बंद पडून ते वॉचमन झाले होते, आणि मी कॉलेजात जायला लागले होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. फी दादा भरायचा. तेव्हा तो कायम होणं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

टीममधल्या दुसऱ्या वर्षी त्याचा उजवा गुडघा मागच्या बाजूने दुखायला लागला. पवईच्या चढावर सराव करून आला की तो भिंतीला टेकून पाय लांब करायचा. आई तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधायची आणि शेकायची. "चढामुळे होतं," तो म्हणायचा. मी समोर पुस्तक घेऊन बसलेली असायचे, पण लक्ष त्या गुडघ्याकडेच असायचं.

शर्यतीच्या आधीच्या रविवारी टीमचे कोच घरी आले. बरोबर कोणाची तरी मागून आणलेली लहान सायकल होती.

"उद्यापासून ही चालव."

"त्याच्या सायकलला काय झालं?" बाबांनी विचारलं.

"सायकलला काय नाय झालं. याला झालंय." त्यांनी दादाला त्याच्याच सायकलच्या दांड्याच्या दोन्हीकडे पाय टाकून उभं केलं. "बघा, चवड्यांवर उभा आहे. गुडघा जाणार नाय तर काय होणार? टीममध्ये आला तेव्हाच बोललो होतो, ही बदल. घेतली कोणी ही?"

"मी," दादा पटकन म्हणाला. "मलाच मोठी पाहिजे होती."

बाबांनी कप खाली ठेवला. "खोटं बोलतोय. मी घेतली. वाढत्या अंगाची."

कोच बहुतेक हसणार होते, पण हसले नाहीत. "मग? वाढला?"

ते गेल्यावर बाबांनी दार लोटलं. मग म्हणाले, "तुला माहीत होतं. मला का नाही बोललास?"

"काय बोलणार, बाबा? तुम्ही रोज पुसायचात ती."

शर्यतीच्या दिवशी बाबा आणि मी कंपनीच्या टेम्पोतून घाटात गेलो आणि एका वळणावर उभे राहिलो. दादा घोळक्यात पुढेच होता. त्या लहान सायकलवर त्याची कंबर अजिबात हलत नव्हती. इतकं नीट बसलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, आणि मला वाटलं, झालं, आता हा कायम झालाच. तो आमच्याकडे न बघता वर गेला.

शर्यत पुढे गेल्यावर आम्ही चालत वर निघालो, तर पुढच्या वळणाच्या वर तो आम्हाला कठड्यावर बसलेला सापडला. सायकल आडवी पडली होती, गुडघा दोन्ही हातांत धरला होता. बाबांनी आधी सायकल उचलून नीट टेकवली. मग त्याच्या शेजारी बसले.

कंपनीने त्याला कायम केलं नाही. काही महिन्यांनी पॅकिंगमधलं कामही संपलं. तो भांडुपला एका वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागला. माझं कॉलेज सुटणार असं मी धरून चालले होते. "तू जा गं," एवढंच तो म्हणाला. मोठी सायकल खिळ्याला टांगली गेली. बाबा ती आता पुसत नसत.

जूनमध्ये कॉलेज सुरू व्हायच्या आधी मी खाटेवर पाय सोडून वाचत बसले होते. बाबांनी सुतळी आणली, माझ्या तळव्याला लावली आणि दाताने तोडली. संध्याकाळी सॅंडल घेऊन आले. आयुष्यातली माझी पहिली मापाची वस्तू. मी त्या घालून उभी राहिले आणि बोटं आवळली गेली. बसलेल्या माणसाचा पाय उभं राहिल्यावर पसरतो, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"बरोबर आहेत?"

"एकदम."

आठवड्याभरात टाचेला फोड आला. मोरीत पाय धुताना दादाने तो पाहिला.

"सांग त्यांना."

"तू सांगितलं होतंस?"

"म्हणूनच सांगतोय."

बाबा बाहेर गॅलरीत बसले होते. मी सॅंडल हातात घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"बाबा, चावतात."

त्यांनी माझा पाय गुडघ्यावर घेतला, उजेडाकडे वळवला आणि विचारलं, "कुठे?"