केशेलेबाईंचा गांजा आणि पोटमाळ्याची खिडकी

ऑक्टोबरातला मंगळवार. घरातली माणसं आपापल्या कामाला गेली होती आणि मी दुधाच्या पातेल्याचा करपलेला तळ घासत होते. तेवढ्यात दारावर धप्प आवाज झाला. थोड्या वेळाने आणखी एक धप्प. आमच्या दाराला चांगली वाजती बेल आहे, त्यामुळे कुणीतरी सामान आपटलं असंच मला वाटलं.

दार उघडलं तर वरच्या मजल्यावरच्या केशेलेबाई. ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखे दोन्ही हात वर धरलेले, बगलेत मुरांब्याची बरणी. दार कोपराने ठोठावलं होतं.

"बेल दाबली असती तर अजून तिथेच चिकटून असते," त्या म्हणाल्या. दहाही बोटांवर काळपट हिरवा चीक होता आणि सगळ्या जिन्यात गांजाचा घमघमाट सुटला होता. "तू केसांना लावतेस ते खोबरेल आहे ना? चार चमचे दे. साबणाने हे जात नाही. पण आधी ही बरणी काढून घे."

"अहो, चार चमचे तेलाला अख्खी बरणी कशाला?"

"फुकट मी काही नेत नाही. घे मुकाट्याने, नाहीतर अशीच जाते आणि कठड्याला चिकटून बसते. मग डॉलिंगरसाहेब मला खरवडून काढतील, नियम क्रमांक अमुकप्रमाणे."

मी बरणी घेतली. या चार मजली घरात मी एकोणीस वर्षं राहते आहे, आणि केशेलेबाईंशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मला आठवत नाही. त्यांचा नवरा गेला तेव्हा ज्या सहा जणांनी शवपेटी उचलली, त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत एकेक केक पोचला होता. 'काही लागलं तर सांगा' असं बाईंना म्हटलेलं चालत नाही. त्या म्हणतात, "लागलं तर मी दुकानात जाईन."

बाई चौऱ्याहत्तरच्या. आमचं गाव एके काळी बनियनींचं गाव होतं. डोंगराच्या पायथ्याला ओळीने विणकामाच्या गिरण्या होत्या, आणि त्यांतल्या एकीत बाईंनी एकतीस वर्षं एकच काम केलं. शिवून आलेल्या बनियनीचे सुटे धागे छोट्या कात्रीने कापायचे. दिवसाला सहाशे बनियनी. "या मुलखात माझी कात्री फिरली नाही अशी पाठ सापडायची नाही," असं त्या अजून सांगतात. गिरणी बंद पडली. जाताना सगळ्यांना फुलांचे गुच्छ मिळाले. बाईंनी गुच्छ परत केला आणि कात्री घेऊन आल्या.

त्याच कात्रीने बोटं घालवली. सांधे गाठाळले, आणि अंथरुणात पडलं की ठणके मारायला लागले. गोळ्यांनी पोट बिघडायचं. मग इथल्या सरकारने घरात गांजाची तीन झाडं लावायची परवानगी दिली, तेव्हा बाईंनी तो कायदा पेन्सिलीने खुणा करत वाचला, डॉक्टरांच्या कानावर घातलं आणि बाल्कनीत दोन कुंड्या मांडल्या. दोनच. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तीन चालतील म्हणजे तीन लावाच असं कुठे लिहिलंय? तिसरीत पार्सली आहे."

ओढायबिढायचं नाव नाही. दुधात उकळायचं, अर्धा कप घ्यायचा आणि निजायचं. पहिल्या वर्षी एका ओळखीच्यांनी त्यांच्या झाडाच्या फुलांचे चार तुरे दिले होते. बदल्यात त्यांना हातमोज्यांचे दोन जोड मिळाले. बाई आठवडाभर अशा झोपल्या की मीच काळजीने वर जाऊन आले.

गेल्या वर्षीचं त्यांचं स्वतःचं पीक मात्र सगळं गेलं.

गांजा सुकवायचा तो अंधारात, उलटा टांगून, सावकाश. काडी वाकवली की कट्कन मोडली पाहिजे. तोवर दहा-बारा दिवस त्याला ओल लागता कामा नये, नाहीतर तुऱ्याच्या पोटात बुरशी धरते. बाईंच्या घरात अशी जागा एकच, पोटमाळ्यावरची त्यांची अडगळीची खोली. तिला कुलूप आहे, पण भिंत नाही, नुसत्या पट्ट्यांची जाळी. आणि पोटमाळ्याची मोठी खिडकी रोज सकाळी सातच्या ठोक्याला दहा मिनिटं सताड उघडतात तळमजल्यावरचे डॉलिंगरसाहेब.

चाळीस वर्षं त्यांनी सरकारी भूमापनात लोकांच्या जमिनींच्या हद्दी आखल्या. निवृत्त झाल्यावर आखायला आमचंच घर उरलं. घराची नियमावली त्यांनीच टाईप केली आहे. हवा बदलणं म्हणजे आमच्याकडे काकडआरतीच. बाहेर बर्फ असो, वादळ असो, खिडक्या उघडायच्या म्हणजे उघडायच्या. आणि ऑक्टोबरात सकाळी सातला आमच्या दरीत असं धुकं असतं की रुमाल धरला तर पिळता येईल. गेल्या वर्षी ते धुकं रोज दहा मिनिटं आत येत राहिलं. सहाव्या दिवशी बाईंनी एक तुरा फोडून पाहिला, तर आत पांढरा कापूस. सगळं फेकावं लागलं. त्यानंतर सबंध हिवाळाभर पहाटे माझ्या छतावर खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. बाई उठून स्वयंपाकघरात बसलेल्या असायच्या.

"त्यांना एकदा सांगा ना," मी तेव्हाही म्हटलं होतं.

"सांगायचं म्हणजे मागायचंच झालं."

"मग मी सांगते."

"तू सांगितलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. आणि मी बोलले नाही तर तुला करमायचं नाही."

हे खरं होतं.

तर त्या मंगळवारी मी तेलाची वाटी घेऊन त्यांच्या मागोमाग वर गेले. स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली होती आणि त्यांवर फांद्यांचा ढीग. मोठी पानं काढून झाली होती. आता तुऱ्यांतून डोकावणारी बारकी पानं कातरायची होती. बाईंनी बोटांना तेल चोळलं, कात्री उचलली, दोनदा चालवली आणि खाली ठेवली. परत उचलली. अंगठा कडीत शिरत नव्हता.

मी खुर्ची ओढली आणि दुसरी कात्री घेतली.

"बस, पण संध्याकाळी बटाट्याची कोशिंबीर घेऊन जायची," त्या म्हणाल्या.

"बरं."

"आणि कोथिंबीर निवडल्यासारखं करू नकोस. देठ मोडतेस. पान धागा आहे असं समज. धागा कापायचा, बनियनीला भोक पाडायचं नाही."

"माझ्या आयुष्यात मी एकही बनियन कापलेली नाही."

"ते दिसतंयच."

अर्धा तास झाला असेल. दारावर तीन सारख्या अंतराच्या टकटकी झाल्या. बाईंनी डोळे मिटले. "तळमजला," त्या पुटपुटल्या.

डॉलिंगरसाहेब दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, सकाळी दहालाही. "केशेलेबाई, जिन्यात वास येतोय."

"कसला?"

"तेच पाहायला आलो. पहिल्या मजल्यावर वाटलं, एखादा बोका शिरला असावा. दुसऱ्यावर वाटलं, कुणी फरशी पाइनच्या तेलाने पुसली. इथे येऊन कळलं."

"मग कळलंच आहे तर बूट काढा आणि आत या. दार उघडं ठेवलंत तर चौथ्या मजल्यालाही कळेल."

ते आत आले. हात पाठीमागे बांधून, नकाशा पाहावा तसा त्यांनी ढीग पाहिला. "किती झाडं?"

"दोन. कायद्यात तीन आहेत."

"वाचलाय मी. सुकल्यावर पन्नास ग्रॅमच्या आत?"

"गेल्या वर्षी शून्य ग्रॅम भरलं."

"शून्य कसं?"

मी बाईंकडे पाहिलं. बोला ना, आता तरी बोला. बाईंनी मला टेबलाखालून पाय मारला आणि म्हणाल्या, "हवामान."

साहेबांचं लक्ष तोवर माझ्यापुढच्या तुऱ्यांवर गेलं होतं. एक उचलून त्यांनी उजेडात धरला. "हे कुणी कापलं?"

"मी," मी म्हटलं.

"इथे पान अर्धं ठेवलंय आणि इथे तुऱ्यातच घुसला आहात. हद्द कुठे आहे याची? द्या इकडे." त्यांनी खिशातून चष्मा काढला. "मी फक्त दाखवतोय. माझा यात सहभाग नाही."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "सहभाग नसलेल्यांनी त्या खुर्चीवर बसावं, तिथे उजेड चांगला आहे."

साहेब सव्वा तास दाखवत होते. एकेक तुरा बोटांत फिरवायचा, चारी बाजूंनी न्याहाळायचा, मग कचकच. असा गुळगुळीत गोल तुरा माझ्या हातून सात जन्मांत झाला नसता. बाई नुसत्या बघत होत्या. शेवटी त्यांच्या तोंडून निघालंच, "गिरणीत असता तर मुकादमाने तुम्हाला पहिल्या टेबलावर बसवलं असतं." त्यांच्या तोंडून एवढी स्तुती मी कधी ऐकली नव्हती. साहेबांचे कान लाल झाले.

ढीग संपला. साहेबांच्या बोटांना खोबरेल चोळून झालं. आणि बाईंची घालमेल सुरू झाली. सव्वा तासाचं काम फुकटात अंगावर पडलं होतं.

"मुरांबा नेता का? आलुबुखारचा आहे."

"साखर बंद आहे मला."

"मग केक—"

"त्यात साखरच असते, केशेलेबाई."

"बटाटे?"

"माझ्या बागेतले दोन पोती पडलेत."

"शर्टाची बटणं?"

"मीच लावतो."

"मोजे विणून देईन."

त्यांनी बाईंच्या बोटांकडे पाहिलं. बाईंनी हात टेबलाखाली नेले.

"राहू द्या हो," साहेब उठत म्हणाले. "टांगून झालं की खोलीला कुलूप मात्र लावा. उद्या सातला हवा बदलायला जाईन, तेव्हा वाटेत पानबिन पडलेलं नको."

ते दारापर्यंत पोचले, वाकून बूट घालू लागले. मी तोंड उघडणार होते. बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. तेलकट होता. मग त्या स्वतः उठल्या, एप्रन सारखा केला आणि गिरणीच्या मालकासमोर उभं राहावं तशा ताठ उभ्या राहिल्या.

"डॉलिंगरसाहेब."

"बोला."

"मला झोप लागत नाही. हे सुकलं तर लागेल, धुकं आत आलं तर सुकणार नाही. गेल्या वर्षी त्यानेच गेलं. दुपारी ऊन आलं की खिडकी मी उघडीन, दहाच्या जागी वीस मिनिटं. याच्या बदल्यात तुम्हाला द्यायला माझ्याकडे काही नाही, ते आत्ता पाहिलंतच. तरी मागते."

साहेब एक बूट पायात आणि एक हातात घेऊन बाईंकडे वळले.

"पुढच्या शुक्रवारपर्यंत सकाळी पोटमाळ्याची खिडकी उघडू नका," बाई म्हणाल्या.