मामा मधे बोलतो

कुणाचंही वाक्य पुरं होऊ न देण्याचा मान माझ्या थोरल्या मामाचा, आणि तो काढून घेणारा शहापूर-मुरबाडात अजून जन्मायचाय. मंगलाष्टकं चालू असताना त्यानं भटजींना थांबवलं, "नवरीला घाम आलाय, पंखा तिकडं फिरवा," आणि पंखा फिरेपर्यंत अंतरपाट धरून ठेवायला लावला. वाशिंदच्या डॉक्टरांनी जीभ दाखवा म्हटलं, तर मामीच म्हणाली, "ती आत असते कधी?"

एकदा एक साहेब त्याला म्हणाला, डोन्ट इंटरप्ट. मामा थेट माझ्याकडे. घरातली पहिली बीए मी. गावात आलेलं सगळं इंग्रजी माझ्याच ओटीवर उतरतं. मी सांगितलं, "दुसरा बोलताना मधेच तोडायचं नाही. लाइट गेली तरी इंटरप्टच म्हणतात."

"लाइट तर रोज इंटरप्ट व्हते, तिला कोन डोन्ट बोलत नाय! आन् समोरचा खोटा बोलत असल, तरी गप बसायचा?"



आमच्या ग्रामसभेत हजेरीची वही आधी फिरते, ठराव मागाहून पुटपुटला जातो. मग हजेरीची सही होकाराची होते. एका सभेत गुरं चरायची जागा गोदामाला द्यायचा ठराव होता. वहीत पहिली सही माझी, झोकात, इंग्रजीत. "सदर ठराव सर्वानुमते..." एवढं ग्रामसेवक पुटपुटला आणि मामा उठला.

"इंटरप्ट! सही हजर असल्याची हाय. आधी ठराव वाच, मोठ्यानं."

"मधे बोलू नका."

"मग कधी बोलू? गोदाम बांधल्यावर?"

ठराव वाचावा लागला. त्याच्या बाजूनं एकही हात वर झाला नाही. गुरचरण राहिली. मला शिकलेलीला जे सुचलं नाही, ते त्याला सुचलं, हे मी लाज न बाळगता लिहितेय. मधे बोलणं असभ्य असेल, असू दे.

आता मामाला कानाशी बोलल्याशिवाय ऐकू येत नाही. परवाच्या सभेत तो पुढेच बसला होता, सिद्धगडाकडे बघत. तोच ठराव पुन्हा आला होता. वही आली, मी पेन टेकवलं नाही. "सदर ठराव सर्वानुमते..." मी मामाकडे पाहिलं. त्याची नजर गडावरच. मग मीच उठले. "आधी वाचा. मोठ्यानं."

मामानं माझा हात ओढला. "काय बोलली गो?"

मी त्याच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं, मधे एक शब्द न बोलता.

मला ते मुळीच आवडलं नाही.