फितीची दुसरी बाजू

आष्टीच्या एका रेडिओ मिस्त्रींच्या अम्मीचा आवाज मी पुसला आणि दोष त्यांना घेऊ दिला. परवा एका दुरुस्तीच्या दुकानात कुणी तारेला डाख देत, म्हणजे सोल्डरिंग करत होतं, तेव्हा जळणाऱ्या राळेचा वास आला आणि ते सगळं पुन्हा समोर उभं राहिलं. बऱ्याच वर्षांपूर्वी जवळच्या कडा गावात आमच्या पुढाऱ्यांची सभा होती, म्हणून मी मिस्त्रींचा खांद्याला अडकवायचा, दोन चकत्यांचा टेपरेकॉर्डर मागून नेला. "एकच बाजू भर," ते म्हणाले होते, "दुसरीकडं अम्मी हाय. 'मशीन बंद कर, पैले खाना खा ले,' म्हणती. आता तेवढीच राहिली." भर उन्हात पेटी तापली होती. भाषण ऐन रंगात आलं आणि फीत संपली. शेजारचा कार्यकर्ता खेकसला, "बघतो काय बे? उलटी लाव की!" पुढाऱ्यांची नजर माझ्याकडं वळली आणि मी फीत उलटी लावली. पुढं भाषण कॅसेटवर उतरवून घेतलं आणि चोरी कळू नये म्हणून अम्मीची ती बाजू कोरी करून टाकली. दुकानात मिस्त्रींनी फीत लावली, तर नुसती खरखर. मी म्हणालो, "मी तर एकच बाजू भरली." त्यांनी यंत्राचं झाकण उघडून आत पाहिलं. "पुसायचं हेड मीच नवं बसवलंतं. वाकडं बसलं असंल, म्हणून दुसरी बाजूबी पुसली," म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी कुणाचाच टेप दुरुस्तीला घेतला नाही. काल मी आष्टीला गेलो. त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून गिऱ्हाइकांसमोर मला ओरडूनच सांगावं लागलं, "चाचा, तुमचं हेड बरोबर बसलं होतं. अम्मीचा आवाज मी पुसला. मला माफ करा."