रोट खाल्लेला साक्षीदार

उखर्डू नानांचा कोणावरही विश्वास नाही, आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. डोळे मिटलेला प्रवासी खरंच झोपलाय की तिकीट चुकवतोय, हे ते पापणीवरून ओळखायचे. रिटायर होऊन पारोळ्यात घरी बसले, तरी नजर तीच. दूधवाला उशिरा आला तरी संशय, लवकर आला तर जास्तच.

असा माणूस दुसऱ्याच्या भांडणात पडेल असं मला वाटलं नव्हतं. पण आषाढात बाजाराच्या रस्त्यावर नगरसेवक स्वप्नीलची गाडी अडली. भाजीवाल्या कोकिळाबाईला टोपली उचलायला जरा वेळ लागला. स्वप्नील खाली उतरला, तिला आईवरून शिवी हासडली आणि टोपलीला लाथ घातली. गिलकी रस्ताभर. शंभर माणसं बघत होती. साक्ष द्यायला एकटे नाना तयार झाले. स्वप्नील त्यांचा चुलत पुतण्या, म्हणून तर त्यांना जास्त लागलं.

तक्रारीचा अर्ज माझ्या झेरॉक्सच्या दुकानात टाइप झाला. बाईची मागणी एकच होती: भर बाजारात शिवी दिली, माफीही भर बाजारात मागावी. नानांनी बिघडलेली प्रतसुद्धा घडी करून खिशात घातली आणि समोर बसून मला कॉम्प्युटरवरची फाइल पुसायला लावली. मला राग आला. मी काय स्वप्नीलचा माणूस आहे?

अर्ज नगरपालिकेत गेला आणि नानांच्या नि माझ्या गल्लीत वर्षभर बंद असलेला दिवा लागला. गटार उपसली गेली. स्वप्नील दिसला की नानांच्या तब्येतीची चौकशी करू लागला.

"पानी कोठेतरी मुरी ऱ्हायनं, प्रेमराज," नाना म्हणाले.

नानांचा जबाब मंगळवारी होता आणि त्याआधीच्या रविवारी कानबाई. श्रावणात ही देवी बसते तेव्हा एका कुळाचे सगळे भाऊबंद एका घरी जमून रोट खातात. दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू काढून त्याचा स्वयंपाक होतो, आणि त्यातला घास परक्याला देत नाहीत. यंदाचा मान स्वप्नीलनं आपल्या घरी मागून घेतला होता. नाना जायला तयार नव्हते. सुंदरबाई, त्यांची बायको, भडकली.

"रोटले नही गयात तं उद्या खांदा देवाले कोन यी?"

"रोट बी खासू नी जबाब बी दिसू," म्हणत नाना निघाले. तिथं पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांनी स्वतः भरून घेतला. कागद पुढे आला तर सही करायची नाही, एवढं ठरवूनच गेले होते. कागद आलाच नाही. जेवण झाल्यावर स्वप्नील वाकून पाया पडला. पाया पडणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायचा, ही जन्माची सवय. नानांचा हात आपोआप गेला. कोणीतरी फोटो काढला.

संध्याकाळी तो फोटो साऱ्या गावाच्या मोबाइलवर होता. खाली लिहिलं होतं, 'नानांचा आशीर्वाद'. मी नानांना दाखवला.

"फोटोनं काय व्हस? मन्हं तोंड शे ना मन्हाजोडे."

मंगळवारी इस्त्रीचा सदरा घालून ते वेळेआधीच नगरपालिकेत हजर. मी सोबत होतो. क्लार्कनं फाइल उघडून आमच्यापुढे सरकवली. तक्रार मागे घेत असल्याचा अर्ज, तारीख सोमवारची, खाली कोकिळाबाईचा अंगठा.

नाना तडक बाजारात गेले. ती गिलकी निवडत होती.

"कोन्ही धमकाडं का तुले?"

"कोन्हीच नही. साक्षीदारच फुटना, मंग मी एकलीनी काय लढनं?"

"मी फुटनू नही, कोकिळा! आते जबाब देवालेच गयथू!"

"रोट भाऊबंदेस्ना ऱ्हास, नाना. मी तुम्हनी कोन शे?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलावं म्हणून. पण फोटो बघून मीही घटकाभर तेच समजलो होतो, आणि आता मला माझीच लाज वाटत होती.

कोकिळाबाईनं मान वर केली आणि नानांच्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं. नाना तीस वर्षं प्रवाशांकडे बघायचे, तसंच. नानांना ते सोसलं नाही. त्यांनी पापण्या खाली घेतल्या.