ठेवणीतले ग्लोव्हज

डिंगोऱ्याच्या हौशीरामची मोटारसायकल चौदा वर्षांची झाली, पण सीटवरचा शोरूमचा प्लास्टिकचा कागद त्यानं अजून काढलेला नाही. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. उन्हाळ्यात त्यावर मांड्या भाजतात, पावसात बसलेला माणूस घसरतो, पण खालची सीट कोरी करकरीत आहे. घरात टीव्हीचा रिमोट पिशवीत गुंडाळलेला. मनगटावरच्या घड्याळाच्या काचेचा पापुद्राही तसाच. आता तो इतका धुरकट झालाय की किती वाजले हे हौशीराम दुसऱ्याला विचारतो.

विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देणं हा त्याचा धंदा. त्याच्या हातची मोटार पुन्हा जळत नाही, असं ओतूरपर्यंतची माणसं सांगतात. केसासारखी तांब्याची तार तो अशी गुंडाळतो की बघत राहावं. वस्तू सांभाळावी तर हौशीरामनं, हे मीही दहा ठिकाणी कौतुकानं बोललो आहे. आता बोलत नाही.

मी लष्करातून निवृत्त झालो आणि जुन्नरला एका रिकाम्या गोदामात पोरापोरींना बॉक्सिंग शिकवायला लागलो. हौशीरामची मुलगी स्वप्ना सतरा वर्षांची असताना आली. अंगानं काटकुळी, पण उजवा हात असा सुटायचा की समोरच्याला कळायच्या आत लागलेला असायचा. अशी पोर मला वीस वर्षांत दिसली नव्हती. डिसेंबरात जिल्ह्याची निवड होती. तिथं पहिली आली तर पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात जागा, राहणं, खाणं, शिक्षण सगळं. वयाच्या गटातलं तिचं ते शेवटचंच वर्ष. म्हणजे जे काय होतं ते त्या उजव्या हातावर होतं, आणि हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

गोदामात सगळ्यांत मिळून ग्लोव्हजचे चार जोड होते. आतला फोम मेलेला. अंगठ्यानं दाबलं की आतल्या मुठीची हाडं लागायची. म्हणून मी हौशीरामला म्हटलं, पोरीला स्वतःचे घे. तो लगेच तयार झाला. माणूस कंजूष नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुण्याला दुकानात मी बरोबर गेलो. आधी तिच्या हाताला पट्टी गुंडाळली, मग माप घेतलं, कारण उघड्या हातावर घेतलेला ग्लोव्हज पट्टी बांधल्यावर शिरत नाही. नवशिक्याला सरावासाठी बारा औंसाचा बरा. मनगटाचा पट्टा रुंद हवा, अंगठा शिवलेला हवा. तिला लाल रंगाचे बसले. तिनं दोन्ही मुठी एकमेकींवर आपटल्या आणि हसली.

"किती वर्सं जातील, सर?" हौशीरामनं विचारलं.

"सांभाळशील तशी."

हे मी बोललो. माझ्याच तोंडानं. मग परतीच्या गाडीत त्याला सगळं सांगितलं. घाम पुसायचा, तोंड उघडं करून सावलीत वाळवायचे, उन्हात घालायचे नाहीत, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, पिशवीत बंद करून ठेवायचे नाहीत. मोटारींची मापं लिहायच्या वहीत त्यानं एकेक गोष्ट टिपून घेतली.

दुसऱ्या दिवशी स्वप्ना आली ती रिकाम्या हातानं. "नवीन कुठंत गं?" तर म्हणाली, घरी आहेत. पुढच्या आठवड्यात म्हणाली, वास येतोय म्हणून वाळत घातलेत. पुढे म्हणाली, आईनं पट्टा शिवायला घेतलाय. नव्या कोऱ्या ग्लोव्हजचा पट्टा कशाला शिवायला लागतो? एवढं माझ्या डोक्यात यायला हवं होतं. वीस पोरं समोर होती, छप्पर गळत होतं, मी विचारायचं सोडून दिलं. ती गोदामातला तोच मेलेला जोड घालून बॅगेवर रोज दोनशे ठोसे मारत राहिली. मी शेजारी उभं राहून "अजून जोरात" म्हणत होतो. त्याची मला आजही लाज वाटते.

नोव्हेंबरच्या शेवटी ती डाव्या हातानं पाणी प्यायला लागली. मी उजवा हात ओढून पट्टी सोडली. करंगळीच्या मागचा भाग वांग्यासारखा सुजलेला. दहा दिवस झाले होते. नाव कापतील म्हणून पोरीनं दात आवळून लपवलं होतं. डॉक्टरांनी फोटो काढला आणि माझ्यावरच ओरडले. हाड मोडलं होतं, वर त्यावर दहा दिवस मार बसला होता, आणि ते वाकडं जुळायला लागलं होतं.

मी तसाच तिला घेऊन डिंगोऱ्याला गेलो. माझं डोकं फिरलं होतं. "ग्लोव्हज आण," मी हौशीरामला दारातूनच म्हणालो.

त्यानं कपाट उघडलं. त्याच्या बायकोच्या, मंगलच्या, लग्नातल्या शालूशेजारी एक मऊ धोतराचं फडकं होतं. ते त्यानं दोन्ही हातांनी सोडलं. आत लाल ग्लोव्हज, बाजूला कडुनिंबाचा पाला, पोटात कागदाचे बोळे. दुकानाचं लेबलसुद्धा लोंबत होतं.

"दर ऐतवारी कागद बदलतोय, सर," तो म्हणाला. "एक ओरखडा न्हाई बगा. तालमीला जुनं चालतंय, ह्ये ठेवणीतलं. म्हणलं स्पर्धेला पोरगी नवं घालून उतरंल."

"स्पर्धेत ग्लोव्हज आयोजक देतात, हौशीराम," मी म्हणालो. "दोघींना सारखे. घरचे चालतच नाहीत. हे फक्त सरावाला होते. फक्त सरावाला!"

तो ग्लोव्हजकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघून अगदी हळू बोलला, "ह्ये तुमी सांगितलं न्हवतं."

खरं होतं. वाळवायचे कसे ते सांगितलं, पुसायचे कसे ते सांगितलं. रोज घालायचे, हे सांगायचं राहिलं. ते सांगावं लागेल असं मला वाटलंच नाही.

मंगल चुलीपाशी उभी होती. "माझा शालू बी असाच हाय," ती म्हणाली. "दोनदा नेसले. आता घडीवर इरलाय." एवढं बोलून ती आत गेली.

डिसेंबर गेला. प्लास्टर निघालं, पण करंगळी पूर्ण मिटेना, मूठ उघडीच राहते. ओतूरच्या एका दुकानात स्वप्ना आता बिलं करते. बापाच्या धंद्यात ती बसली असती, पण बारीक तार तिच्या बोटांत ठरत नाही.

परवा हौशीराम तिला घेऊन गोदामात आला. धोतराचं फडकं माझ्या टेबलावर ठेवलं. "कुणा नव्या पोरीला द्या, सर. रोज घालू द्या. फाटलं तर फाटू द्या." फाटू द्या हा शब्द त्या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. माझा राग तिथंच विरला. निदान मला तसं वाटलं.

"पप्पा, एकदा मी घालून बघू?" स्वप्ना म्हणाली.

डावा लगेच गेला. उजव्यात करंगळी अडली. पुण्याच्या दुकानात घातल्यानंतर ती पहिल्यांदाच ते घालत होती. ओठ चावत ती हात आत रेटायला लागली, आतलं अस्तर करकरलं.

"हळू गं," हौशीराम पटकन म्हणाला, "ताणू नगं, उसवंल."

स्वप्नानं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं हात सावकाश, काही न ताणता बाहेर काढला, कागदाचे बोळे पुन्हा आत भरले आणि ग्लोव्हज फडक्यात बांधून ठेवले.